व्यक्तिशः ओळखणारे दोन इसम

“माझं नाव काय?” वत्सलाताईंनी विचारलं.

प्रश्न त्या दोघांना होता. रजिस्ट्री ऑफिसात आमचं टोकन लागलं होतं. कॅमेरा वत्सलाताईंच्या चेहऱ्याकडे वळवून झाला होता. आमच्या मुन्शीजींनी, म्हणजे माझ्या वकिलीच्या कारकुनांनी, बाहेरच्या चहाच्या टपरीवरून आणलेले दोन साक्षीदार आधार कार्ड हातात धरून उभे होते. त्यातल्या एकाने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे मान लांब केली. दुसरा माझ्या तोंडाकडे बघू लागला.

“बरं, नाव राहू द्या. मी राहते कुठे?”

तेही आलं नाही. वत्सलाताईंनी पिशवी उचलली, काउंटरवरच्या माणसाला “माफ करा हं” म्हटलं आणि सरळ बाहेर गेल्या. मागचा टोकनवाला लगेच पुढे सरकला.

मला राग आला. रजिस्ट्रीची वेळ आधी घ्यावी लागते, सर्व्हर चालू असावा लागतो, लाइट असावी लागते. हे सगळे योग एका सकाळी जुळले होते आणि बाईंनी ते उधळून लावले. मुन्शीजींनी कपाळाला हात लावला. साक्षीदारांची तोंडी परीक्षा घेणारा पक्षकार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

ज्यांचा आमच्या धंद्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. मृत्युपत्र, म्हणजे आपण गेल्यावर आपलं घरदार कोणाला जावं याचा कागद, दोन साक्षीदारांशिवाय उभा राहत नाही. करणाऱ्याने सही केली हे त्यांनी पाहायचं आणि मग आपली सही ठोकायची. आत काय लिहिलंय ते त्यांना माहीत असायची गरज नाही. इथेच बहुतेकांचा घोळ होतो; ‘वाचल्याशिवाय सही कशी करू’ म्हणत चांगली माणसं मागे सरतात. कागद रजिस्टर करायचा असला की आणखी एक काम वाढतं. समोरची बाई ही तीच बाई आहे, असं दोघांनी सांगायचं. सहसा तेच दोघं दोन्ही कामं उरकतात. मग प्रिंटरमधून एक छापील ओळ बाहेर पडते. खालील इसम असे निवेदित करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात.

ही ओळ मी आयुष्यभर पाहत आले. इंग्रजी प्रतिज्ञापत्राच्या तळाशी तिची धाकटी बहीण असते, ‘आय नो द डिपोनंट’. डिपोनंट म्हणजे प्रतिज्ञा करणारा. त्याचा रबरी शिक्का आमच्याकडे सगळ्यांच्या टेबलावर असतो आणि कुठल्याही मुन्शीला विचारा, तो सकाळीच कोऱ्या कागदांवर मारून ठेवलेला असतो. पक्षकार दुपारी येतो, ओळख सकाळीच झालेली असते.

रोजच्या इंग्रजीत ‘नो’, म्हणजे ओळखणं, हे फार स्वस्त क्रियापद आहे. वकिलांच्या बार रूममध्ये कोणाचंही नाव काढा, “आय नो हिम” म्हणणारे चार जण निघतात. म्हणजे कधीतरी लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघून मान हलवलेली असते. कायद्याच्या तोंडी तेच क्रियापद आलं की त्याचं वजन वाढतं. साक्षीदार जणू म्हणत असतो, उद्या ही बाई जिवंत नसेल आणि कोणी विचारलं, तर मी पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगेन की ती हीच होती, शुद्धीवर होती आणि सही तिचीच आहे. टपरीवरचे दोघं हे सांगायला येणार नव्हते. मला ते माहीत होतं, मुन्शीजींना माहीत होतं, काउंटरवरच्या माणसालाही माहीत होतं. पंचाईत अशी की वत्सलाताईंनाही ते माहीत होतं.

वत्सलाताई बाहेर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी बाकावर बसल्या होत्या. मी तणतणत गेले, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

“मॅडम, पुतण्या कोर्टात जाईल असं तुम्हीच म्हणालात ना?”

“हो.”

“तेव्हा हे दोघं येतील?”

साक्षीदार जिवंत असेल तर त्याला कोर्टात आणावं लागतं, निदान एकाला तरी. तो सापडला नाही, किंवा येऊन ‘मले काही आठवत नाही’ म्हणाला, की मृत्युपत्राचा कागद रद्दीच्या भावाने गेला. तोवर ते करणारा माणूस गेलेला असतो, म्हणजे चूक सुधारायचीही सोय नाही.

वत्सला मेश्राम टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याबरोबर मुलीला शिकवायचंही मनावर घेतलं. नोकरी लागली, लग्न राहून गेलं. त्यांनी नागपूरच्या टोकाला, हुडकेश्वरला, स्वतःच्या पगारातून छोटंसं घर बांधलं. घरामागे विहार आहे. त्याच्या ओसरीत वस्तीतल्या मुली स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन बसतात. डोक्यावर पंखा नाही, शेजारच्या लग्नाच्या लॉनवर डीजे. आपण गेल्यावर आपल्या घरात या मुलींसाठी अभ्यासिका व्हावी आणि विहाराच्या समितीने ती चालवावी, एवढंच त्यांना हवं होतं. मृत्युपत्र नसेल तर घर खाप्याला राहणाऱ्या पुतण्याला जाणार होतं. पुतण्या वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, जयभीम करायला फोन करायचा. आत्या धडधाकट असतानाच त्याचं एका बिल्डरला बाहेरून घर दाखवून झालं होतं. ते वत्सलाताईंनी खिडकीतून पाहिलं होतं.

“मग मला दोन माणसं द्या,” मी म्हटलं. “तुम्हाला ओळखणारी. तुमच्यापेक्षा लहान, तब्येतीने धड. तुमच्यामागे राहायला हवीत.”

असं तोंडावर बोलायला कसंसंच होतं, पण आमच्या कामात गुळमुळीत बोलून भागत नाही. त्या विचार करू लागल्या. एक मैत्रीण रामटेकला होती, पण ती यांच्याहून मोठी आणि गुडघ्यांनी बसलेली. विहारातली माणसं चांगली, पण घर त्यांच्याच समितीला जाणार, तेव्हा त्यांची सही नको. डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, मी त्यांची शुगर ओळखतो, त्यांना नाही. आणि कोर्टाच्या तारखा मला नकोत.

“म्हणजे कोणी नाही,” वत्सलाताई म्हणाल्या. पूर्वी ट्रंक कॉल मागितल्यावर ऑपरेटर ‘नंबर लागत नाही’ सांगायची, तेवढ्या सरळ आवाजात.

मग त्या थोडं बोलल्या. ड्युटीवर स्वतःचं नाव सांगायचं नाही अशी त्यांच्याकडे शिस्त होती. कोणाकडे कोण वारलं, कोणाला मुलगा झाला, कोणाचं लग्न मोडलं, गावात सगळ्यांच्या आधी त्यांच्या कानावर यायचं. लोक त्यांना ‘ऑपरेटर’ म्हणायचे. त्यांचं नाव कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नोकरी संपली तरी ती सवय गेली नाही. मला ऐकून वाईट वाटलं. थोडी भीतीही वाटली, पण ती कसली हे मी तेव्हा शोधत बसले नाही.

पुढच्या रविवारी मी हुडकेश्वरला गेले. निमित्त चतुःसीमेचं होतं. मालमत्तेच्या कागदात तिच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं, आणि वत्सलाताईंच्या जुन्या कागदात पूर्वेला ‘रिकामा प्लॉट’ होता. आता तिथे घर होतं. हे काम मुन्शीजींनाही करता आलं असतं. पण रविवारी कोर्ट नसतं, आणि यजमान गेल्यापासून रविवार मला खायला उठतो. कोणी काम सांगितलं तर मी उपकार मानते.

पूर्वेला कोण, असं विचारल्यावर वत्सलाताईंचं तोंड आंबलं. “तिचं नाव लिहू नका.”

“शेजारी लिहावाच लागतो.”

“मग ‘एक बाई’ लिहा.”

भांडण कूलरचं होतं. नागपूरच्या बाहेरच्यांनी हसू नये. आमच्याकडे मार्चपासून खिडकीत कूलर लागतो, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवर दिवसभर पाणी फिरतं आणि टाकी भरली की ते वाहतं. वत्सलाताईंच्या कूलरचं पाणी कुंपणाच्या भिंतीपलीकडे, शोभाबाई हेडाऊंच्या अंगणात पडायचं. यावरून शोभाबाईंनी महानगरपालिकेत तक्रार केली होती. वत्सलाताईंनी उलट त्यांच्या शिलाई मशीनच्या आवाजाची तक्रार केली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आवाज चढवायचा तेवढा भिंतीवरून चढवला जायचा.

नाव आणि प्लॉट नंबर विचारायला मी शेजारी गेले. शोभाबाई खिडकीत मशीनवर बसून साडीला फॉल लावत होत्या. पन्नाशीच्या, एकट्याच, मुलगी लग्न होऊन गेलेली. त्या खिडकीतून समोर थेट वत्सलाताईंचं दार दिसत होतं.

“तुमी वकील होय? बरं झालं आल्या. तिले सांगा, कूलरचं पाणी माह्या अंगणात सोडू नको म्हणा.”

मी सहज विचारलं, किती वर्षांपासून ओळखता त्यांना?

“मी कायले ओळखू तिले? बोलणंच नाई आमचं.”

असं म्हणून त्या जे सुरू झाल्या ते मशीन थांबवून बोलत राहिल्या. ही बाई उजाडायच्या आत अंगण झाडते आणि झाडताना स्वतःशीच आकडे पुटपुटते, बहुतेक जुने टेलिफोन नंबर. कुकरच्या शिट्या मोजत नाही, म्हणून डाळ नेहमी लागते. पोस्टमन आला की धावत जाते आणि बिल घेऊन हळू परत येते. मागच्या हिवाळ्यात हिला ताप होता. दोन दिवस दार उघडलं नाही.

“मंग?” मीही त्यांच्यासारखीच बोलले.

“मंग काय. आपून तं बोलत नाई. मी भिंतीजवळ जाऊन मुद्दाम भांडी आपटली. लय येळ आपटली. मंग ओरडली आतून माह्यावर. म्हटलं, हाय, जिवंत हाय. मंग मी झोपली.”

मी तिथे पाटावर बसून होते. एवढी वर्षं साक्षीदार तपासल्यावर चांगला साक्षीदार दिसला की कळतो. ही बाई पढवलेलं बोलत नव्हती, तिला काही मिळणार नव्हतं, आणि जिच्याबद्दल बोलत होती तिच्यावर तिचा राग होता. पुतण्याचा वकील सगळ्यात आधी हेच विचारणार होता की साक्षीदार मयताच्या मर्जीतला होता का. इथे मर्जीचा विषयच नव्हता. महानगरपालिकेचा शिक्का असलेलं वैर होतं.

वत्सलाताईंना सांगितलं तर त्या उभ्याच राहिल्या. “ती? मॅडम, ती माझी दुश्मन आहे.”

“म्हणूनच.”

“तिला काय माहीत माझं?”

मी डाळीचं सांगितलं. पोस्टमनचं मुद्दाम सांगितलं नाही. शेवटी भांड्यांचं सांगितलं. वत्सलाताई पुन्हा खाली बसल्या. मग म्हणाल्या, “मला वाटलं होतं, आजारी माणसाला छळायला आपटून राहिली.” आयुष्यभर फोनवर स्वच्छ मराठी बोललेल्या बाईच्या तोंडून पहिल्यांदाच आमचं नागपुरी निसटलं.

शोभाबाई सहजासहजी तयार झाल्या नाहीत. घर कोणाला जातंय ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, ते साक्षीदाराला सांगत नसतात, तुम्ही फक्त सही करताना बघायचं.

“पुतण्याले तं नाई ना देऊन राहिली?”

मी उत्तर दिलं नाही. वकिलाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावता येणाऱ्या त्या बाई होत्या. म्हणाल्या, सही करतो, पण कूलरचा पाइप आधी नालीकडे वळवा. वत्सलाताई भिंतीच्या अलीकडून म्हणाल्या, सही आधी. मी दोन्हीकडे फेऱ्या मारल्या. पुण्या-मुंबईचे वकील मोठमोठ्या कंपन्यांचे करार जुळवतात. माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघड तडजोड रबरी पाइपाची होती. प्लंबर शनिवारी येईल आणि सही सोमवारी होईल, असं ठरलं.

दुसऱ्या साक्षीदाराचं काय, असं मी म्हटल्यावर वत्सलाताई माझ्याकडे बघू लागल्या.

माझा एक नियम होता. स्वतः लिहिलेल्या मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचं नाही, कारण उद्या भांडण झालं तर वकील म्हणून उभं राहता येत नाही, साक्षीदार म्हणून राहावं लागतं. मी त्यांना ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण तुम्ही मला ओळखता का?”

तोवर कामाच्या नावाखाली माझे तीन-चार रविवार तिथे गेले होते. त्या चहा बशीत ओतून पितात, पाहुण्याला मात्र कपातच देतात, हे मला माहीत होतं. पेपरातलं कोडं सोडवताना अडल्या की त्या चिडतात, हे माहीत होतं. घरात दुसरी खुर्ची माझ्यासाठी आणली गेली होती, हेही माहीत होतं.

“ओळखते,” मी म्हटलं.

“तुमच्या घरी कोण असतं?”

“कोणी नाही.”

“मग तुमच्या कागदावर कोण सही करेल?”

मी हसले. म्हटलं, मी वकील आहे, माझं मी बघून घेईन. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ऑपरेटर होत्या, समोरच्याने फोन ठेवला की त्यांना कळायचं.

सोमवारी रजिस्ट्री झाली. दोघी माझ्या गाडीत मागे बसल्या, एक डाव्या खिडकीतून बाहेर बघत, एक उजव्या. काउंटरवरच्या माणसाने सवयीने विचारलं, यांना ओळखता का?

“ओळखत असन तं काय,” शोभाबाई म्हणाल्या. “किती वर्सापासून भांडून राहिली मी हिच्यासंग.”

तो माणूस हसला. वत्सलाताई हसल्या नाहीत; त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. ओळ छापून आली: व्यक्तिशः ओळखतात. त्या दिवशी मी ती शेवटपर्यंत वाचली.

पाइप नालीकडे वळला. मे महिन्यात शोभाबाईंच्या लक्षात आलं की अंगणातला गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, वाळतोय. इतकी वर्षं तो त्या कूलरच्या पाण्यावरच जगत होता. एके दिवशी दुपारी त्यांनी स्वतः पाइप ओढून परत आपल्याकडे घेतला. वत्सलाताईंनी मला फोन करून तक्रार केली, आणि तक्रार करताना त्या चक्क खुशीत होत्या.

मी त्यानंतरही रविवारी जात राहिले. कधी काही काम असायचं, बहुतेक वेळा नसायचं.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी कोर्टातून नुकतीच बाहेर पडत होते, ऊन अंगावर आलं होतं. शोभाबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे माझं कार्ड होतं, पण त्यांनी आजवर कधी फोन केला नव्हता.

“वकीलबाई, आज पाणी नाई पडलं.”

“काय?”

“कूलर बंद हाय तिचा. सकाळपासून माह्या अंगणात पाणी नाई पडलं. मी भांडी आपटून पाहिली. ओरडत नाई ते.”

मी पोचले तेव्हा त्यांनी दार तोडायला माणूस लावला होता. वत्सलाताई पलंगावर होत्या. पहाटेच कधीतरी, झोपेत गेल्या असाव्यात, असं त्या शुगरवाल्या डॉक्टरांनी सांगितलं. शोभाबाई उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या घरात कधी गेल्या नव्हत्या, आणि आत जायला कोणी बोलवायची वाट बघत असाव्यात. मी त्यांचा हात धरून आत नेलं. त्या रडल्या, मीही रडले. दोघींनाही एकमेकींची लाज वाटली नाही.

पुतण्या तिसऱ्या दिवशी आला. महिना उलटायच्या आत त्याने दावा लावला. मृत्युपत्र खोटं आहे, आत्या एकलकोंडी होती, तिला कोणी ओळखतच नव्हतं, साक्षीदार भाड्याचे आहेत. दाव्यातलं ‘कोणी ओळखत नव्हतं’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते जवळजवळ खरं होतं आणि त्याच जोरावर तो घर मागत होता.

मी साक्षीदार असल्यामुळे समितीचा वकील दुसरा झाला. शोभाबाईंची साक्ष आधी होती. उलटतपासणीला उभे राहिलेले वकील माझे जुने सहकारी, कामात पक्के. त्यांनी शांतपणे सुरुवात केली. मयताशी बोलणं होतं का? नाही. घरी येणं-जाणं? नाही. तुम्ही तिच्याविरुद्ध तक्रार केली होती हे खरं? खरं. ते समाधानाने न्यायाधीशांकडे वळले आणि मग त्यांनी एक प्रश्न जास्त विचारला. चांगल्या वकिलालाही तो मोह आवरत नाही.

“मग तुम्ही तिला ओळखता म्हणता ते कशाच्या आधारावर?”

“साहेब, तिचं पाणी माह्या अंगणात पडे,” शोभाबाई म्हणाल्या. “ज्या दिवशी नाई पडलं, त्या दिवशी दार मी तोडाले लावलं. ह्याले कवा समजलं, ते विचारा ह्याले.”

पुतण्या खाली बघत होता. न्यायाधीशांनी स्टेनोला इंग्रजीत उत्तर सांगितलं. “आय न्यू द डिसीज्ड. शी वॉज माय नेबर.” एवढंच. पाणी, भांडी, गोडनिंब यातलं काही कागदावर आलं नाही. पण क्रियापद आलं, आणि कायद्याला तेवढं पुरतं.

मग मी पिंजऱ्यात उभी राहिले. ज्या लाकडावर मी वर्षानुवर्षं बोट दाखवत आले त्यावर हात ठेवताना ते खरखरीत लागलं. मला काय काय विचारलं ते सांगत नाही. मी बशीतल्या चहापर्यंत सगळं सांगितलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये तेच वकील माझ्याजवळ आले. काम संपलं की आमच्यात कटुता नसते. त्यांनी पान लावता लावता आपुलकीने विचारलं, “मॅडम, आमचे साहेब कसे आहेत? बरेच दिवसांत दिसले नाहीत.”

माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. हे गृहस्थ माझ्याबरोबर त्याच बार रूममध्ये, दोन टेबलं सोडून बसतात.

“बरे आहेत,” मी म्हटलं. समजावून सांगायचा कंटाळा आला.

निकाल समितीच्या बाजूने लागला. पुतण्याने अपील केलं नाही. वत्सलाताईंच्या घरात आता मुली अभ्यास करतात. दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे, पूर्ण नावाची. कूलर तोच आहे आणि पाणी तिकडेच पडतं. शोभाबाई मुलींवर भिंतीवरून ओरडतात, आणि एखादी दोन दिवस दिसली नाही तर ‘काहून नाई आली वं ते?’ म्हणून बाकीच्यांना विचारतात.

धंद्यातला धडा म्हणाल तर साधा आहे. साक्षीदार निवडताना मित्र शोधू नका, ओळखीचे तर मुळीच नकोत. आपलं पाणी ज्याच्या अंगणात पडतं तो माणूस शोधा. हे मी आता सगळ्या पक्षकारांना सांगते. मुन्शीजी टपरीकडे निघाले की त्यांनाही हाक मारून थांबवते.

माझं स्वतःचं मृत्युपत्र कधीचं टाइप होऊन पडलं आहे. दोन सह्या बाकी आहेत. शोभाबाईंना विचारावं असं मनात येतं. पण त्या म्हणतील, ‘मी तुमाले कोठी ओळखतो, वकीलबाई?’ आणि ते खरंच आहे; मी त्यांच्याकडे जाते, त्या माझ्याकडे कधी आलेल्या नाहीत. मी चौथ्या मजल्यावर राहते. माझ्याकडे कूलर नाही, एसी आहे. त्याचं पाणी भिंतीतल्या पाइपातून सरळ खाली नालीत जातं.